कुणी गेलं का घरात?

आपल्याकडे पुरुषाचं भादरलेलं डोकं दिसलं की पाहणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा सुतकच येतं. हेअर ट्रान्सप्लांटसाठी डोक्यावर मशीन फिरवावं लागेल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला धास्ती बसली ती आईची. ती म्हणालीच, "वडील धडधाकट असताना डोकं भादरतोस?" मी वाद घातला नाही. आजोबा गेले तेव्हा वडिलांचं मुंडण तिने पाहिलं होतं, आणि तिच्या डोळ्यांना या दृश्याचा एकच अर्थ ठाऊक होता. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं: मागच्या बाजूच्या केसांवर टक्कल पाडणाऱ्या हार्मोनचा फारसा परिणाम होत नाही. ते मुळासकट काढून पुढे लावले तरी आपला गुण टिकवतात. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्रीच यांनी १९५०च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. तिला ते कितपत पटलं कोण जाणे. पण ट्रान्सप्लांट करून घरी आल्यावर ग्राफ्टवर, म्हणजे मुळासकट लावलेल्या केसांवर, सलाइनचा फवारा मारायचं काम तिने आपणहून घेतलं.

सूज येईल हे मला सांगितलं होतं, पण ती खाली उतरेल हे आरशात पाहीपर्यंत कळलं नव्हतं. टाळूला दिलेल्या इंजेक्शनांचं पाणी आधी कपाळावर आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापण्यांवर येतं. डोळे इतके बारीक झाले की शेजारच्या काकू दारातूनच परत गेल्या. बर्फ कपाळावर चालतो, ग्राफ्टवर अजिबात नाही. रात्री उशांची चवड लावून अर्धवट बसूनच झोपायचं. टी-शर्ट बाद, कारण गळ्यातून काढताना ग्राफ्टला घासतो. सगळे कपडे पुढून बटणांचे. हेल्मेट घालायचं नाही म्हणजे गाडी बंद, त्यामुळे साताऱ्यात कॉलेजला रिक्षाने जाऊ लागलो.

टोपीचा प्रश्न सर्वांत अवघड. वडिलांची गांधी टोपी नेमकी नव्या केसरेषेवर बसते, म्हणून ती नको. शेवटी मोठ्या मापाची, कापडी, सैल टोपी घेतली, तीही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आणि फक्त उन्हापुरती. वर्गात मात्र ती काढून ठेवायचो. टोपीखाली काय आहे या कुतूहलात मुलांचं लक्ष जास्त जातं, असं मला वाटलं, आणि अजूनही तसंच वाटतं. खपल्या साधारण दहा दिवसांत गळतात, पण त्याखालची गुलाबी छटा कित्येक आठवडे जात नाही. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरच्या मुलाने हळू आवाजात विचारलं, "सर, घरी कुणी गेलं का?" त्याच्या आवाजातल्या काळजीपुढे थाप मारणं मला जमेना. म्हटलं, "नाही रे, केस लावून घेतलेत." तास पुढे सुरू झाला. स्टाफरूममध्ये मग मला वेगळं सांगावंच लागलं नाही.

खरा कस पुढे लागला. लावलेले केस काही आठवड्यांत गळून पडतात. मुळं आत शाबूत असतात, पण हे ठाऊक असूनही उशीवरचे केस गोळा करताना पोटात कालवतं. नवे केस तीन-चार महिन्यांनी दिसू लागतात, भरगच्च व्हायला वर्ष लागतं. दरम्यान मागचे केस वाढतात आणि पुढे ओसाडच राहतं. तेव्हा मी सलूनमध्ये बाजू आणि मागचा भाग बारीक ठेवायला सांगत राहिलो. फरक कमी दिसला की चेहरा सावरतो.

खपल्या नुकत्याच गेल्या होत्या आणि चुलतभावाचं लग्न आलं. घरातल्या सगळ्या पुरुषांना फेटे होते. फेटा आवळून बांधतात, म्हणून मी नको म्हटलं. काका रुसले. कारण सांगितल्यावर त्यांनी माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि फेटेवाल्याला पुढच्याकडे जायला सांगितलं. जेवणानंतर त्यांचा थोरला मुलगा मला मांडवाबाहेर घेऊन गेला. त्याने खर्च विचारला, दुखतं का विचारलं. मी म्हटलं, आधी हे विचार की ग्राफ्ट डॉक्टर स्वतः काढणार की त्यांचा टेक्निशियन. आणि रजा दोन आठवड्यांची घे, काकूंना मात्र त्याआधी सांग.