नंदूचे सेल

शिवणाच्या तासाला दर वर्षी एक प्रश्न हटकून येतो. वर्गात नवीन आलेली मुलगी दोऱ्याची दोन रिळे हातात घेऊन विचारते, "बाई, ४० नंबर घेऊ की ६०?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ६० चे रीळ उचलते, कारण ६० मोठा! मग तिला सांगावे लागते, की बाळ, दोऱ्याचा आकडा वाढला की दोरा बारीक होतो, गोधडी शिवायला तो नाही चालायचा. हे तिच्या गळी उतरते न उतरते तोच सुया निघतात, आणि तिथे सगळे उलटे. ११ नंबरची सुई बारीक, १८ ची जाड. हा घोळ बाईंनीच मुद्दाम घालून ठेवला आहे, अशा नजरेने ती मुलगी माझ्याकडे पाहते. तिचेही बरोबर आहे. आकड्याचा अर्थ ज्या त्या धंद्याला विचारावा लागतो, हे मुलांना सांगून पटत नाही; कापड उसवल्यावर पटते.

ही माझी विद्या २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत, लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाउ नावाच्या गावी, आणि तीही विजेच्या सिगारेटीच्या कामी उपयोगी पडली. माझा धाकटा भाऊ नंदू तिथे नोकरीला आहे. आमचे अण्णा बिडी ओढीत. ते गेले तेव्हा त्यांच्या सदऱ्यांना छातीशी ठिणग्यांची बारीक भोके पडलेली होती. घरातले सगळे फाटके-तुटके मी शिवीत असे. ती भोके मात्र मी रफू केली नाहीत. त्यांचा खोकला नंदूने लहानपणापासून ऐकलेला, आणि तरी कॉलेजात गेल्यावर त्याने सिगारेट धरलीच. परदेशी गेल्यावर दिवसाला एक पाकीट होऊ लागले. मुलगी झाली तेव्हा त्याने सिगारेट सोडण्याचा चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा तो फसला. शेवटी तिकडच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तो ई-सिगारेटीवर आला. तीन वर्षे झाली, त्याने काडी ओढलेली नाही.

आपल्याकडे हा प्रकार २०१९ पासून कायद्याने बंद आहे. बनवणे, विकणे, बाहेरून आणणे, जाहिरात करणे, सगळेच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेत नोकरी करणारी बाई म्हणून मला त्या बंदीचे वाईट वाटत नाही. दप्तरात ही गोड वासाची नळी सापडावी, हे कुणाला हवे आहे? विलायतेतली सरकारी आरोग्यसेवाही लहान मुलांनी आणि सिगारेट न ओढणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये असेच सांगते. परंतु जो आधीच जळतो आहे, त्याला ती सिगारेटीहून पुष्कळ कमी घातक म्हणून हाती देते. दोन देशांनी एकाच वस्तूकडे दोन बाजूंनी पाहिले. मी बहीण असल्यामुळे मला दोन्ही बाजू दिसत होत्या, इतकेच.

मी गेले तेव्हा तिथे निराळीच घाई चालली होती. एकदा वापरून फेकून द्यायच्या ई-सिगारेटींची विक्री १ जून २०२५ पासून बंद होणार होती, आणि नंदू त्याच वापरीत असे. दुकानदार उरलेला माल स्वस्तात काढीत होते. अशी एक संपलेली नळी नंदूने मला उघडून दाखवली. आत चांगला धडधाकट सेल होता. पुन्हा पुन्हा भरता येईल असा, पण भरण्याची सोयच ठेवली नव्हती म्हणून कचऱ्यात जाणारा! जुन्या सदऱ्याची बटणे काढून डब्यात ठेवणाऱ्या बाईला हे पाहून काय वाटले असेल, ते मी लिहीत नाही.

रात्री स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता नंदू म्हणाला, "ताई, पहिली तारीख आली की एक तर नवं यंत्र जमवायचं, नाही तर जुनी सिगारेट. मधलं काही मला जमणार नाही." त्याची बायको माधवी तिथेच होती. ती काही बोलली नाही. तिने नळ बंद केला फक्त.

नवे यंत्र त्याने आणलेलेच होते. मूठभर आकाराची एक डबी, वर अर्काची टाकी, टाकीत तारेचे वेटोळे. कळ दाबली की वेटोळे तापते आणि अर्काची वाफ होते. बाजूला व्होल्ट कमीजास्त करायच्या दोन कळा. शिवणयंत्राची मोटर पायाखालच्या पॅडलने हळू-जलद करतो, तसाच तो प्रकार. व्होल्ट वाढवले की वाफ दाट आणि गरम. डबीत सुटा सेल घालायचा. संपला की काढून दुसरा. हा सेल म्हणजे '१८६५०'. नाव ऐकून मला रेल्वेगाडीचा नंबर वाटला. पण हा आकडा निदान खरे बोलतो: १८ मिलीमीटर जाडी, ६५ मिलीमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल.

"सेल कुठले घेतलेस?" मी विचारले. त्याने दाराशी टांगलेल्या कोटाच्या खिशातून दोन लाल सेल काढले. त्यांच्याबरोबर घराच्या किल्ल्या आणि थोडी चिल्लर बाहेर आली. रविवारच्या बाजारात एका पालावर घेतले म्हणाला, आणि कौतुकाने सेलावरचा आकडा दाखवला: ९,९०० मिलीअँपिअर-तास. "दुकानात २,५०० चे मिळतात, ताई, आणि तेही महाग!"

मला माझ्या वर्गातली ६० चे रीळ उचलणारी मुलगीच समोर उभी दिसली.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. पण मॅट्रिकच्या विज्ञानात ओहमचा नियम होता आणि तो मला आवडत असे, कारण तो भाकरीच्या हिशेबासारखा सरळ आहे. शिवाय नंदूच्या घरी पुस्तके आणि संगणक होते आणि मला रात्री झोप येत नव्हती. दोन दिवस मी हाच अभ्यास केला. कादंबरीसाठीही इतका करीत नाही.

मिलीअँपिअर-तास म्हणजे घागरीत पाणी किती. पण घागरीचे तोंड केवढे, म्हणजे एका दमात किती धार निघू शकते, हा आकडा वेगळा. तो अँपिअरमध्ये सांगतात. एवढ्याशा नळकांड्यात दोन्ही ठासून बसत नाहीत. साठा वाढवला की धार आखडते. सॅमसंगचा ३५ई घ्या: साठा ३,५००, पण सतत द्यायची धार ८ अँपिअर. त्याच कंपनीचा २५आर: साठा २,५०० आणि धार २०. नावाजलेले कारखाने या आकारात ३,५०० च्या फारसे पुढे जात नाहीत, तिथे पालावरच्या माणसाला ९,९०० कुठून सापडले? मी पिठाचा काटा काढून लाल सेल तोलला. भरला ३१ ग्रॅम. चांगला सेल ४५ च्या आसपास भरतो. आत काय होते आणि काय नव्हते, ते त्या काट्यालाच ठाऊक!

मग नंदूला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम. साहेब यंत्र ठेवणार साडेचार व्होल्टवर. म्हणजे वेटोळ्यातून ९ अँपिअर आणि एकूण ४० वॉट. पण सेल काही साडेचार व्होल्ट देत नाही. भरला असता ४.२, आणि उतरत उतरत ३.२ वर येतो. उरलेले व्होल्ट यंत्र आपल्या युक्तीने वाढवून घेते, आणि त्याची किंमत सेलाकडून जास्त धार ओढून वसूल करते. ४० ला ३.२ ने भागा: साडेबारा. यंत्राची स्वतःची गळती धरा, १४ च्या घरात गेले. म्हणजे सेल जसजसा थकतो, तसतसे त्याच्याकडून अधिक ओढले जाते. (हे मला ओळखीचे वाटले. घरोघरच्या बायकांना वाटेल.) ८ अँपिअरच्या सेलाला १४ मागितले तर तो तापणार, आणि ९,९०० वाल्याला मागितले तर काय होणार, ते त्याच्यावर कुठेच लिहिलेले नव्हते.

नंदू हसला. "ताई, सगळं जग वापरतं गं." मी त्याला दोन गावांची नावे सांगितली. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातले सेंट पीटर्सबर्ग आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्ससमधले फोर्ट वर्थ. दोन्हीकडे एकेक माणूस ई-सिगारेट फुटून गेला. सिगारेटीने मरणाऱ्यांच्या पुढे दोन ही संख्या काहीच नाही, हे मला कळते. पण अण्णांच्या धुरातून सुटलेला भाऊ मला या दोनांत तिसरा नको होता, आणि हे मी त्याला याच शब्दांत सांगितले. माधवी उठून गेली आणि कोटाच्या खिशातली चिल्लर काढून तिने फडताळात ठेवली.

त्या लाल सेलाचे वेष्टनही मी पाहून घेतले. कापडाची किनार पाहण्याची डोळ्यांना सवय असते. १८६५० चे सगळे अंग, बुडापासून खांद्यापर्यंत, ऋण टोक आहे. धन टोक म्हणजे फक्त वरची टिकली. दोघांमध्ये अंतर एका तांदळाच्या दाण्याइतके, आणि त्या जागी राखण कुणाची? पातळ प्लास्टिकच्या सालीची आणि तिच्याखालच्या कागदी चकतीची. साल खांद्यापाशी फाटली, की किल्लीचा एक दात किंवा एक नाणे दोन्हीकडे टेकायला पुरे. मग सगळी धार एकदम सुटते. हा लिथियमचा सेल सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणला, आणि तो ज्यांच्या संशोधनावर उभा राहिला त्या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांतले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आपल्याकडे सप्टेंबरात ई-सिगारेटीवर बंदीचा वटहुकूम निघाला आणि ऑक्टोबरात सेलाला नोबेल, ही त्या वर्षाची मौज! एवढ्या मोठ्या विद्येची अब्रू शेवटी एका सालीवर राहावी, याचे मला नवल वाटले.

शनिवारी आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदार तरुण पण शहाणा होता. त्याने आधी यंत्र पाहिले, वेटोळे विचारले, आणि मग सेल दाखवले. एक गोष्ट त्याने न विचारता सांगितली, ती मला आवडली: सेल बनवणाऱ्या बड्या कंपन्या स्वतः म्हणतात, की हे सेल सुटे विकायला आणि ई-सिगारेटीत घालायला आम्ही केलेलेच नाहीत. म्हणजे कितीही निवडून घेतले, तरी जपणे आपल्याकडेच. नंदूची नजर ३,००० आणि १५ अँपिअरच्या सेलावर गेली. १४ ला १५ पुरतात, हा त्याचा हिशेब. मी शिवणीत अर्धा इंच दाब सोडणारी बाई. मी २,५०० आणि २० वाल्यावर बोट ठेवले. दिवसाला एकाऐवजी दोन सेल लागतील, लागू देत. चार घेतले. बरोबर बाहेर ठेवून भरायचे यंत्र आणि दोन-दोन सेलांच्या प्लास्टिकच्या डब्या. मी खणाची पिशवी शिवून देणार होते, पण किल्लीपुढे कापडाचा भरवसा धरू नये.

घरी येऊन मी फडताळाच्या दारावर कागद चिकटवला, जसा शाळेत कात्र्यांच्या कपाटावर लावते. सेल डबीतच. रात्री भरायला लावून झोपू नये. साल फाटलेला वापरू नये. लाल सेल नंदूने टोकांना चिकटपट्टी लावून बाजारपेठेतल्या जुन्या सेलांच्या पेटीत टाकले. १ जून आला आणि गेला. मी ५ तारखेला निघाले.

नवरात्रात त्याचा फोटो आला: सेलाचा खांदा, आणि वेष्टनाला नखाएवढी चीर. खाली लिहिले होते, "ताई, एवढंसंच आहे. चालेल का?" त्याच फोटोत मागे यंत्र दिसत होते, आकडा ३.६ होता, साडेचार नव्हता. मी त्याबद्दल काही विचारले नाही. लिहिले, "चालणार नाही. नवी साल चढवून मिळते का बघ, नाही तर पेटीत टाक. आणि उरलेले तीनही आज रात्री उजेडात धरून पाहा." पाऊण तासाने तीन सेलांचे तीन फोटो आले, ओळीने लावलेले. मी चष्मा लावून एकेक मोठा करून पाहिला.