दाभोळच्या पायरीवर

परीक्षा संपली त्या रात्री मुलगा नाचला आणि चौथ्या दिवशी रडला. "अम्मी, आता काय करू?" हा प्रश्न दर तासाला. आम्ही दोघेही शिक्षक, घंटेवर जगणारी माणसे. त्यामुळे मुंब्र्याहून दाभोळला नानीकडे निघतानाच वेळापत्रक तयार होते: फजरनंतर कुरआन, नऊला पाढे, अकराला शुद्धलेखन.

दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर, खेडला उतरून एसटीने दापोली, तिथून दुसरी एसटी. उतारावरून वाशिष्ठीची खाडी दिसली की आमचा शीण जातो. दहा वर्षांच्या पोराचा गेला नाही. भिंतीवरचा कागद पाहून तो म्हणाला, "इथेपण शाळाच?" मग दोन दिवस तो आमच्याशी धड बोलला नाही. बहिणीला मारले, ताटावरून उठला. तिसऱ्या दिवशी नानीने कागद काढून त्यात सुकट बांधली. "फजर आणि कुरआन राहू दे. बाकी, आधी पोराला झोपू दे." आम्हांला राग आला. बीएड आम्ही केले होते!

खाडीकाठी नारळींच्या सावलीत अंडा मशीद आहे. 1559-60 च्या सुमाराची, आदिलशाही बांधणीची, मधे मोठा घुमट, कोपऱ्यांवर चार मिनार. जोहरनंतर नाना त्याला तिकडच्या धक्क्यावर नेऊ लागले. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढते तिथे कोळशाने खूण करायची, एवढाच उद्योग. नाना फारसे बोलत नसत. चार दिवसांनी मुलाने आमच्याकडे घड्याळ मागितले. भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते. जोहरला चढलेले पाणी आता असरच्या सुमारास चढत होते, आणि त्याला उद्याची वेळ आधीच काढायची होती. वर्गात तासा-मिनिटांच्या बेरजेत तो हमखास अडायचा, शंभर मिनिटांचा तास करायचा. धक्क्यावर एकदा तशीच चूक केली आणि पाण्याची वाट पाहत ऊन खात बसला. पुन्हा केली नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडणार. या खेपेला आम्ही कागद लिहिला नाही. शेवटच्या आठवड्यात रोज पाव तास लवकर दिवे मालवले, बस्स. परतीच्या गाडीत वही मांडीवर घेऊन त्याने विचारले, "मुंब्र्याला भरती कुठे दिसते?"

"रेतीबंदरला," आम्ही म्हणालो. एवढी वर्षे तिथे राहून आम्हीही ती कधी पाहायला गेलो नव्हतो.