सूर्यास्तापूर्वीचे पाणी

इतवारीतील एका धान्यव्यापाऱ्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. स्वतःचे नावही उच्चारता येईना. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी धर्मपत्नीने नित्याप्रमाणे भक्तामर स्तोत्र आरंभले आणि दुसऱ्या चरणात बाबूजींचा आवाज मिसळला. शब्द स्वच्छ, चाल अचूक. वाचा परत आली, असेच सर्वांनी मानले.

त्याच सायंकाळी त्यांना पाणी हवे होते. चौविहाराचा नेम अनेक वर्षांचा. ओठ हलले, शब्द उमटला नाही. थोरला मुलगा चिडून म्हणाला, "बाबूजी, सकाळी स्तोत्र म्हणता, मग आता बोलत का नाही?" उलगडा होईपर्यंत सूर्य मावळला होता. आजारपणात सवलत असते, हे सांगूनही त्यांनी पेला डाव्या हाताने दूर सारला.

हा हट्ट नव्हता. १७४५ साली स्वीडनच्या ओलोफ दालिन यांनी अशाच एका रुग्णाची नोंद केली आहे: बोलणे खुंटलेले, पण पूर्वी पाठ असलेली भक्तिगीते गाता येत. बहुतेकांच्या मेंदूत वाचेचे केंद्र डाव्या बाजूस असते. ते दुखावले की नवे वाक्य जुळत नाही; आयुष्यभर घोटलेले, लयीत बांधलेले पाठांतर मात्र टिकू शकते. भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे, प्रत्येक चरणात १४ अक्षरे. ती वाट शाबूत होती.

वाचोपचार करणाऱ्या ताईंनी हे समजावले, तेव्हा मुलगा बराच वेळ गप्प होता. बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ साली मांडलेली पद्धत त्यांनी सुरू केली. नित्याचा छोटा वाक्प्रचार उंच व खालच्या अशा दोन स्वरांत गायचा, प्रत्येक अक्षरासरशी रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा, मग हळूहळू गाणे उतरवून बोलण्याकडे यायचे. गुण सुराचा की लयीचा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमुक रागाने अमुक रोग जातो, अशा याद्या मोबाइलवर फिरतात. या घरीही आल्या. त्यांत आणि या कष्टाच्या सरावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिला वाक्प्रचार पत्नीने निवडला: "पाणी द्या". तो यायला दोन महिने लागले, आणि अजून गाऊनच येतो. दुकानातील एक पोऱ्या ते ऐकून हसला, तेव्हा थोरल्यानेच त्याला खडसावले आणि पेला स्वतः नेऊन दिला. सूर्यास्ताला वीस मिनिटे होती.