शाईचा नाद

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम् भागातील एका जुन्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, तबल्याची जोडी गवसणीत झाकून ठेवलेली होती. दोन वर्षांत ती गवसणी कोणी सोडली नव्हती. घरातले वृद्ध गृहस्थ मूळचे मिरजेचे. रेल्वेच्या कारखान्यात नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. नोकरी सांभाळून चाळीस वर्षे त्यांनी तबल्याची साथ केली. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटे निकामी झाली. तेव्हापासून जोडीला कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

नातीला तो हात जपायचा होता. पण आजोबांच्या वादनाची एकही धड ध्वनिफीत नव्हती. साथीदाराचे वाजवणे गायकाच्या आवाजामागे राहते, आणि तसेच ते ध्वनिफितीवरही उतरते. अखेर तिने संगणकावर तो नाद मुळापासून घडवायला घेतला.

या कामाची वाट पूर्वीच आखली गेली होती. साध्या गोल कातड्यावर आघात केला, तर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटींत उपस्वर उमटतात. ते परस्परांत मिसळत नाहीत. म्हणून ढोल दणाणतो, पण त्याचा स्वर लागत नाही. तबला आणि मृदंग या नियमाला अपवाद आहेत, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली दाखवले आणि १९३४ मध्ये बंगळूरहून सविस्तर मांडले. पुडीवर थरावर थर देऊन घोटलेल्या शाईच्या वजनामुळे कंपनाचे नऊ प्रकार पाच स्वरांत एकवटतात, आणि ते स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा पूर्णांकांच्या अगदी जवळ येतात. रामन यांनी कातड्यावर वाळू पसरून त्या कंपनांच्या आकृती उमटवल्या. शाई घोटणाऱ्या अनाम कारागिरांनी तेच गणित कित्येक पिढ्या आधी केवळ कानाने सोडवले होते.

नातीने ते पाच स्वर संगणकात एकमेकांवर रचले. वरचे स्वर लवकर विरतील, खालचे रेंगाळतील, अशी योजना केली. आरंभी बोटाच्या आघाताचा क्षणभराचा खरखरीत आवाज जोडला. डग्ग्याच्या ‘घे’साठी मनगटाच्या दाबाने चढणारा स्वर वळवून घेतला. एका संध्याकाळी तिने आजोबांना ठेका ऐकवला.

त्यांनी डोळे मिटून दोन आवर्तने ऐकली. “नाद खरा आहे,” ते म्हणाले, “पण सगळे ‘ना’ जुळे भाऊ आहेत. माणसाला दोन ‘ना’ सारखे वाजवता येत नाहीत, बाळ.”

तिने प्रत्येक आघातात थोडा फरक घातला: जोर कमीजास्त, जागा चाटेच्या किंचित आतबाहेर. पुन्हा ऐकवले. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. “आता कोणीतरी वाजवतो आहे,” ते म्हणाले. “पण तो मी नव्हे. माझी अनामिका शाईच्या कडेला जरा जड पडायची. गुरुजी त्यावरून रागवायचे.”

“जड म्हणजे किती, आजोबा?”

याचे उत्तर शब्दांत देण्यासारखे नव्हते. आषाढाचा पाऊस बाहेर लागला होता. थोड्या वेळाने त्यांनी गवसणीकडे बोट केले.

दमट हवेने पुडी उतरली होती. संगणकाचा तबला काळी एकवर ठाम होता. हा जवळजवळ अर्धा स्वर खाली गेलेला. आजोबांनी डाव्या हातात हातोडी घेतली. एका हाताने तबला धरून ठोकता येईना, तेव्हा त्यांनी नातीला तो धरायला सांगितला. तिचे हात प्रथमच त्या लाकडाला लागले. गजऱ्यावर एकेक घाव पडत गेला, गठ्ठे खाली सरकले, आणि स्वर हळूहळू वर आला.

मग डाव्या हाताची अनामिका त्यांनी शाईच्या कडेला टेकवली. त्या हाताने आयुष्यभर केवळ डग्गाच ओळखला होता. पहिला ‘ना’ बोदा आला, दुसराही. तिसऱ्याला चाट किंचित बोलली.

“एवढी जड,” ते म्हणाले, आणि त्यांनी बोट तसेच टेकवून ठेवले. ती वाकून ते बोट पाहत राहिली. संगणकाकडे तिचे लक्ष नव्हते.