नदीच्या तळचें बर्फ

गेल्या पौष-माघांत आम्ही चिरंजिवांकडे कॅनडांतील माँट्रियल शहरीं राहून आलों. तेथील थंडीचें व थाटाचें वर्णन वाचकांनीं अन्यत्र पुष्कळ वाचलें असेल. म्हणून तें न करितां, तेथें आमची जी एक जुनी चूक आमच्या पदरांत पडली, तिचाच वृत्तांत सादर करितों.

शाळेंत असतां आम्हीं तीस वर्षें एक धडा शिकविला. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतें. त्याहून थंड पाणी हलकें होऊन वर राहतें. म्हणून तळें वरून गोठतें व खालीं मासे जगतात. धडा खोटा नाहीं. परंतु एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारिलें, “गुरुजी, पाणी वाहतें असेल तर?” “पुस्तकांत आहे तेवढें लिही,” असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

माँट्रियलजवळ लाशीन येथें सेंट लॉरेन्स नदी खडकांवरून इतक्या वेगानें धांवते कीं, ऐन हिंवाळ्यांतहि तेथें बर्फाचें झांकण बसत नाहीं. एका निरभ्र रात्रीनंतर सकाळीं चिरंजीव आम्हांस तेथें घेऊन गेले. कांठाशीं बर्फाचे मळकट गोळे लागले होते. एक उचलून पाहिला, तों आंत वाळू आणि बोराएवढे दोन खडे! बर्फ वरून गोठतें, तर त्यांत तळचे खडे आले कोठून?

उलगडा असा. खळखळत्या प्रवाहांत वरचें व खालचें पाणी एकसारखें घुसळलें जातें; त्यामुळें कडक थंडीच्या रात्रीं तळापर्यंतचें सारें पाणी शून्याच्याहि खालीं उतरतें; मात्र अंशाच्या कांहीं शतांशांइतकेंच. अशा अतिशीत पाण्यांत चकत्यांसारखे बारीक स्फटिक उत्पन्न होतात. त्यांचा व्यास बहुधा एक ते चार मिलिमीटर. त्यांस ‘फ्रॅझिल’ म्हणतात. कोळशाच्या चुऱ्याचें नांव असलेल्या एका फ्रेंच शब्दावरून हें नांव आलें आहे. पाणी अतिशीत आहे तोंवर हे स्फटिक वाढत असतात व ज्यास लागतील त्यास चिकटतात. त्यांचे गोळे होतात आणि पाण्यांतील गाळ त्यांत अडकतो. भोंवऱ्यांबरोबर तळास गेलेले स्फटिक तर गोट्यांस बिलगून तेथेंच वाढतात. यास नांगर-बर्फ असें अन्वर्थक नांव आहे.

सकाळीं उन्हानें पाणी किंचित् तापलें कीं ही पकड सुटते. एक घनमीटर भरीव बर्फाचें वजन सुमारें ९१७ किलो, तितक्याच पाण्याचें १,००० किलो. म्हणजे सुमारें ८३ किलोंचा भार पेलण्याचें सामर्थ्य त्यांत उरतें. तळ सोडतांना तें वाळू, खडे, कधीं मोठे गोटेहि घेऊन वर येतें, आणि वितळेल तेथें ओझें टाकितें.

ही केवळ मौज नव्हे. शहरास पाणी पुरविणाऱ्या नळांच्या मुखांवरील जाळ्यांसहि हे स्फटिक चिकटतात व पाणी कोंडतें. मॅकगिल विद्यापीठांतील हॉवर्ड बार्न्स यांनीं या नदीच्या बर्फाचा अभ्यास करून १९०६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. जाळी अगदीं थोडी उष्ण ठेविली तरी स्फटिक तिला धरीत नाहींत, हें त्यांनीं दाखविलें.

समुद्रांतहि हाच प्रकार चालतो. सैबेरियाच्या उत्तरेकडील उथळ समुद्रांत वादळी थंडींत असे स्फटिक गाळ उचलतात, आणि तें मळकें बर्फ ध्रुवप्रदेश ओलांडून ग्रीनलंडच्या बाजूस जातें. १८९३ ते १८९६ च्या ‘फ्राम’ नौकेच्या सफरींत नान्सेन यांसहि बर्फावर अशी माती आढळली होती.

स्थालीपुलाकन्यायानें एका शितावरून भाताची परीक्षा होते. परंतु आम्हीं एका तळ्यावरून सर्व पाण्यांची परीक्षा केली! ते दोन खडे आतां आमच्या फडताळांत आहेत. तो मुलगा चाळिशीच्या पुढें गेला असेल. हें मासिक त्याच्या घरीं येत असल्यास त्यानें जाणावें कीं, त्याचा प्रश्न बरोबर होता; उत्तर देण्यास मात्र गुरुजींना फार उशीर झाला.