दिवसाचा पतंग

पतंग म्हटला कीं दिवा आठवावा आणि दिव्याबरोबर त्याचें जळून मरणें, ही कवींनीं आपल्या मनाला लावलेली संवय आहे. पाटणच्या वरचे सडे हिंडूं लागल्यापासून माझी ती संवय मोडली. पाऊस सरला कीं तेथील गवतांतून एक पांढरा पतंग भर उन्हांत उडत असतो. पंखांवर तांबडे-काळे ठिपके. १७५८ सालीं लिनियसनें वर्णिलेला हा 'युटेथैसा पुल्चेला'.

एवढा भडक वेष करून दिवसा हिंडण्याचें धैर्य त्याला कोठून आलें? त्याची अळी ताग, खुळखुळा यांचा पाला आणि कोंवळ्या बिया खाते. त्यांतील विष तिच्या अंगांत सांठतें व पतंग झाल्यावरही टिकतें. म्हणून पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहींत. ते ठिपके म्हणजे जाहीर ताकीदच!

आपण मात्र त्या माळाला 'पडीक' म्हणतों आणि खुळखुळ्याला तण. आपल्या कामीं न येणारें तें सारें ओसाड, असा आपला हिशेब. पण माळ नांगरला, खुळखुळा उपटला, तर अळीच्या तोंडचा घांस जाईल आणि त्याबरोबर पतंगाचा दिवसही. निर्भयतेलासुद्धां कोठें तरी थोडी पडीक जमीन लागते, असें मला हल्लीं वाटूं लागलें आहे.