गळलेल्या फुलांची विचारपूस

आमच्या गावात, जऊळक्यात, बाबांना कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर ते सांगतात, पीएच.डी. करते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हंजे अजून शिकूनच राह्यली?" आणि त्याच्या पुढचा, आवाज जरा खाली आणून: "मंग खर्च कसा भागवता?" खर्च नाही, उलट तिलाच महिन्याला पैसे मिळतात, असं बाबा म्हणाले की समोरचा माणूस थोडा वेळ गप्प होतो. मग नोकरी लागली काय? नाही. मग पैसे कशाचे? इथं बाबा अडतात आणि माझ्याकडं बघतात.

पैसे कशाचे, हे मलाही नीट सांगता आलं पाहिजे. हिशेब सोपा आहे. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात तेरा विभाग, रेणूपासून परिसंस्थेपर्यंत सगळं. त्यात वर आलेल्यांना ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते: जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये, दोन वर्षांनी काम तपासून 42,000, सगळी मिळून पाच वर्षं. तिथं नंबर लागला नाही तरी रस्ता संपत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतल्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. हप्ते लांबतात, मेसचं बिल थकतं, मैत्रिणी एकमेकींना उसने देऊन महिना ढकलतात, हेही खरं. पण जिच्या घरी पैसा वर्षातून एकदाच, दसरा-दिवाळीच्या मधे, सोयाबीनच्या पोत्यांतून येतो आणि कृषी केंद्राची उधारी फेडून देवउठनीच्या आत संपतो, तिच्यासाठी दर महिन्याची रक्कम ही निराळीच गोष्ट असते. आमच्या घरी झाडानं पैसे द्यायचे असतात. झाडाकडं बघत बसण्याचे पैसे कोणी देईल, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या कानावर आलं नव्हतं.

मी बघते ते सोयाबीनचं फूल. श्रावणात, पेरणीला दीडेक महिना झाला की पानाच्या बगलेत फुलांचे बारके झुबके येतात, जांभळे किंवा पांढरे. शेतातून चालताना ते दिसतही नाहीत, पानं बाजूला सारावी लागतात. सोयाबीनच्या फुलाला मधमाशीची वाट बघावी लागत नाही. कळी उमलायच्या आतच परागसिंचन बहुतेक उरकलेलं असतं. म्हणजे प्रत्येक फुलाची शेंग व्हायला तशी काही हरकत नसते. आणि तरी निम्म्याहून जास्त फुलं गळतात. पाऊस ताणला तर जास्त गळतात, हे कोणालाही ठाऊक आहे. पण पाणी वेळेवर, खत वेळेवर, रोग नाही, कीड नाही, अशा झाडाचीही गळतात.

माय हे वर्षानुवर्षं बघत आली. निंदताना तिला ओळीच्या खाली मातीवर पडलेली फुलं दिसायची. एकदा ती म्हणाली होती, "फुलं त लय लागली होती वं. मंग शेंगा कुठी गेल्या?" मी तेव्हा वाशीमला बी.एस्सी.ला होते आणि फुलाचे भाग, आकृतीसह, पाठ केलेले होते. मायच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकृतीत नव्हतं. पुढं पीएच.डी.च्या गाइडबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, तुला नेमकं काय शोधायचं आहे, तेव्हा मी मायचा प्रश्न मायच्याच शब्दांत सांगितला. त्या हसल्या नाहीत. वही पुढं ओढून म्हणाल्या, यावर जगात काय काय झालंय ते आधी वाच.

खूप झालं होतं. फुलाच्या देठाशी, जिथं ते फांदीला जोडलेलं असतं, पेशींचा एक पातळ थर असतो. फूल जोमात असतं तोवर त्याच्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठातून खाली वाहत राहतं आणि तो थर निजून असतो. हा प्रवाह मंदावला की थर इथिलीनला दाद द्यायला लागतो. पेशींना पेशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळवणारी विकरं तयार होतात, सांधा सुटतो, आणि मग वाऱ्याचा नुसता हात लागला तरी पुरे. कृषी केंद्रात फुलगळीवर म्हणून जी एनएएची बाटली देतात तेही बनवलेलं ऑक्सिनच. प्रवाह आटत असलेल्या देठाला बाहेरून दिलेलं थोडं पाणी म्हणा. बाबा ती बाटली कित्येक हंगाम फवारत होते. आत काय आहे हे घरात पहिल्यांदा मी सांगितलं, आणि का फवारतो हे कळल्यावर किती आणि कधी फवारायचं यावर आमचं पहिलं खरं बोलणं झालं. बाप-लेकीचं असं बोलणं आमच्याकडं सहसा होत नाही.

गळलेलं फूल सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा चिरलं तो अनुभव मात्र वाचून येण्यासारखा नव्हता. पाकळ्या सुईनं बाजूला केल्या. मधे अंडाशय, दोन-तीन मिलिमीटरचा, पांढरट लवीनं भरलेला, शेंगेचा आकार आताच धरलेला. तो उभा उघडला तर आत तीन बीजांडं एका ओळीत, काचेसारखी. गळणाऱ्या फुलांत बहुतेकांचं फलन आधीच झालेलं असतं, असं वाचलं होतं. पण ते डोळ्यांनी बघणं वेगळं. मातीत पडलेलं ते फूल वांझ नव्हतं. त्याच्या पोटात शेंग होती. झाडानं ती सुरू केली आणि मग सोडून दिली.

का सोडली, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पानं बनवतात ती साखर सगळ्या फुलांना पुरत नाही, आधी लागलेल्या शेंगा ती ओढून घेतात, मागून आलेली फुलं उपाशी राहतात, हे अर्धं उत्तर झालं. कोणाला द्यायचं, कोणाला नाही, हे झाडाच्या कुठल्या पेशीत, कुठल्या दिवशी ठरतं? त्यासाठी मी फुलांना दोरे बांधते. उमलण्याच्या दिवसाप्रमाणे रंग: लाल, पिवळा, हिरवा. प्रत्येक पेरावर कुठल्या रंगाचा दोरा टिकला आणि कुठला खाली पडला याची नोंद ठेवते. शेतात गुडघ्यावर बसून, चिमट्यानं, एका फुलाला एक दोरा. शेजारच्या ओळीत निंदणाऱ्या बाया थांबून बघतात. एकीनं विचारलं, याचे पैसे देतात तुले? हो म्हटल्यावर ती म्हणाली, बरं हाय, कोणीतरी पाह्यलं पाह्यजे. मला वाटतं, फेलोशिप कशासाठी असते याचं याहून नेमकं उत्तर मला कुठल्या माहितीपुस्तिकेत मिळालेलं नाही.

ज्यांना बघत बसणं परवडलं अशा माणसांचा विचार मी खूप करते. दुर्गाबाई भागवत आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक. ऋतू, फुलं, झाडं त्यांनी मराठीत किती जिवंत केली. त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल मात्र आमच्या वर्गात कोणी बोललं नव्हतं. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, अटी सोसून आत गेल्या आणि दूध-डाळींतल्या प्रथिनांवर काम करून बाहेर पडल्या. मग शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिज. तिथं त्यांनी बटाट्याच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी शोधलं. श्वसनात इलेक्ट्रॉन पुढं पोचवणारं हे प्रथिन वनस्पतींमध्येही असतं, हे त्यातून कळलं. 1939 मध्ये पीएच.डी. एका घरात एक बहीण झाडाच्या ऋतूंकडं बघत होती आणि दुसरी झाडाच्या श्वासाकडं. शिष्यवृत्ती नसती तर दुसरीचं बघणं मुंबईतल्या एखाद्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्याशी थांबलं असतं, असं मनात येतं आणि मी तिथंच थबकते.

दुसरी गोष्ट थेट आमच्या वावरापर्यंत येते. रासबिहारी घोष हे कलकत्त्याचे वकील. त्यांनी वकिलीत कमावलेले लाखो रुपये कलकत्ता विद्यापीठाला विज्ञान शिकवण्यासाठी दिले. त्या देणगीतून वनस्पतिशास्त्राचं जे प्राध्यापकपद निघालं ते मालवणात जन्मलेल्या शंभर नंबरी कोकणी माणसाला मिळालं: शंकर पुरुषोत्तम आघारकर. पुढच्या अभ्यासासाठी ते 1914 मध्ये जर्मनीला गेले आणि महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजा म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावं लागलं. तरी त्यांनी वायव्य भारतातल्या कोरड्या मुलखातल्या वनस्पतींवरचा प्रबंध पुरा केला आणि बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. कलकत्त्यात आयुष्य शिकवण्यात घालवून 1946 मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था उभी केली. आज तिच्या संशोधन संस्थेला आघारकरांचं नाव आहे. आणि एमएसीएस-1188 सारखे सोयाबीनचे जे वाण आहेत, त्यांच्या नावातली ती चार अक्षरं त्याच संस्थेची. बियाण्याच्या पिशवीवर ती अक्षरं दिसली की मला कलकत्त्याचा तो वकील आठवतो. त्याला सोयाबीन ठाऊकही नसेल. त्यानं एका माणसाच्या बघत बसण्याचा खर्च उचलला, एवढंच. ते पीक यायला तीन पिढ्या लागल्या.

पांडुरंग खानखोजे आमच्या विदर्भाचे, वर्ध्याचे. त्यांना असा खर्च उचलणारा कोणी भेटला नाही. अमेरिकेत मजुरी करत ते शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, आणि अखेर मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात मक्यावर संशोधन करणारे प्राध्यापक झाले. दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात त्यांचा चेहरा आहे. 1967 मध्ये ते नागपुरात वारले. त्यांची जिद्द मोठी, पण ती दाखवून कोणी म्हणालं की बघा, पैशावाचूनही होतं, तर मला ते पटत नाही. एक खानखोजे दिसतात. जे मजुरीतच संपले त्यांची नावं कुठल्याच भिंतीवर नाहीत.

रस्ताच न सापडलेली अशी एक मैत्रीण माझ्या वर्गात होती. काटेपूर्णा अभयारण्यात सहल गेली तेव्हा ती पवन्या आणि मारवेल नुसत्या पात्यावरून, फुलोरा नसताना, वेगळे करून दाखवत होती. पात्याच्या मुळाशी असणारी जिव्हिका ती भिंगाशिवाय वाचायची. सर स्वतः वाकून बघायला लागले होते. एम.एस्सी. नंतर पगारी संशोधन असतं, त्याला आधी परीक्षा असते, मग गाइड शोधायचा असतो, यातलं काहीच तिच्या घरी कोणाला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. तलाठी भरतीचा फॉर्म कधी निघतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. फेलोशिपचा कधी निघतो हे मला एका अनोळखी मुलीनं अकोल्याच्या गाडीत सांगितलं. आमच्या गावाच्या नावापुढंच 'रेल्वे' लागतं, जऊळका रेल्वे; तिथल्या गाडीनं माझ्यावर एवढे उपकार केले. मैत्रिणीचं त्याच वर्षी लग्न झालं. तिचं काही वाईट नाही, ती सुखात आहे. नुकसान गवतांचं झालं, आणि ते मला सहन होत नाही. म्हणून आता जिथं बोलावतील त्या कॉलेजात मी जाते आणि तारखा, विषय, रकमा फळ्यावर लिहून देते. मुली फोनमध्ये फोटो काढतात. मागच्या बाकावरची एखादी थांबून विचारते, मराठीतून शिकलेलीला जमतं का? मी तिला सांगते, इंग्रजी दोन वर्षांत येतं. बघायची सवय तुझ्याकडं आधीपासून आहे, ती कोणी शिकवू शकत नाही.

मायला ती आहेच. मागच्या खरिपात मी दोरे मोजत होते आणि ती पलीकडून म्हणाली, "धुऱ्यावरच्या झाडाची फुलं कमी गयतात, पाह्यलं काय? मधातल्या झाडाले उजेडच भेटत नाही." मी पाहिलं नव्हतं. माझे सगळे दोरे मधल्या ओळींत होते, कारण प्रयोगात कडेच्या ओळी सोडून द्यायच्या असतात, पुस्तकात तसंच आहे. गाइडबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कडेपासून आत एकेक ओळ मोज, उजेडही मोज. त्यांच्या विभागात प्रकाश मोजायचं यंत्र आहे, ते द्यायला तयार झाल्या. माझ्या नोंदवहीत त्या निरीक्षणापुढं तारखेसोबत मायचं नाव आहे, आणि प्रबंधातही ते राहील, हे मी त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलं.

यंदा धुऱ्यापासून आत सहा ओळी धरल्या आहेत. बाबा दोन पट्टे रुंद वरंब्यावर पेरायला तयार झाले, म्हणजे मधल्या झाडांनाही उजेड मिळेल आणि तुलना करता येईल. दोऱ्यांची रिळं वाशीमहून आणून ठेवली. मायनं एकच अट घातली आहे: सकाळची मोजणी बाया निंदायला यायच्या आत आटपायची, नाहीतर त्या काम सोडून तुझ्याभोवती उभ्या राहतात आणि रोज मी भरते.